काळी नदीच्या काठचे सिद्दी

सिद्दी हा शब्द कानी पडताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो मुरूडचा जंजिरा. शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांना अखेरपर्यंत हाती न आलेला तो जलदुर्ग, त्याचे ते चिवट सिद्दी किल्लेदार आणि १९४८ साली विलीन होईपर्यंत तेथे नांदलेली नबाबी, एवढे चित्र शाळेच्या पुस्तकानेच मनावर उमटवलेले असते. थोडे अधिक वाचन असलेल्यास मलिक अंबर आठवतो. हबसाणात जन्मलेला, बगदादच्या बाजारातून विकत विकत दक्षिणेत आलेला हा गुलाम पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, हे शहर त्याने वसवले. १६२४ साली भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजी राजे लढले. १६२६ साली तो वारला आणि खुलताबादेस त्याची कबर झाली. त्याच्या जमीनधाऱ्याच्या पद्धतीचे गुणगान मराठी लेखकांनी मोकळ्या मनाने केले आहे. तेव्हा आफ्रिकी रक्ताचा माणूस महाराष्ट्राला परका आहे, असे कोणासही म्हणता येणार नाही. मात्र आपल्या स्मरणात राहिला तो किल्ल्यातला सिद्दी आणि दरबारातला हबशी. अरण्यातला सिद्दी आपल्या स्मरणातून निसटला.

तो अरण्यातला सिद्दी आजही आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला आणि जोयडा या तालुक्यांच्या रानांत तो राहतो. २०११ च्या शिरगणतीत कर्नाटकातील सिद्दींची संख्या दहा हजारांहून थोडी अधिक भरली. त्यांच्यात कोणी नबाब नाही आणि कोणाच्या पूर्वजाची कबर कोण्या घुमटाखाली नाही. सुपारीच्या बागेतली मजुरी, भाताचा एखादा तुकडा, जंगलातला मध आणि शिकेकाई यांवर त्यांच्या कित्येक पिढ्या गेल्या.

जोयडा हे नाव जुन्या पिढीच्या मराठी वाचकास कदाचित ओळखीचे वाटणार नाही, पण सुपे म्हटले की लगेच ओळख पटेल. कारवार, हल्याळ, सुपे ही त्रयी सीमाप्रश्नाच्या सभांतून इतक्या वेळा उच्चारली गेली आहे की ती एखाद्या पाढ्यासारखी तोंडी बसली आहे. तेच हे सुपे. काळी नदी या तालुक्यातल्या डिग्गीच्या डोंगराळ मुलखात उगम पावते आणि कारवारजवळ समुद्रास मिळते. तिच्यावर गणेशगुडी येथे १०१ मीटर उंचीचे धरण बांधले गेले आणि सुपे गाव त्याच्या पाण्याखाली गेले. पुष्कळशी विस्थापित कुटुंबे रामनगरला वसली. तालुक्याची कचेरी जोयड्यास असल्यामुळे तालुक्याला आता तेच नाव चालते. पश्चिमेस गोवा लागून आहे. अनमोडचा घाट, तिनई घाट, कॅसलरॉक ही सगळी ठिकाणे याच तालुक्यात येतात. १८८८ साली मार्मागोव्याहून निघालेली रेल्वे कॅसलरॉकला येऊन मिळाली, पण त्यापूर्वी कितीतरी शतके बैलांचे तांडे आणि डोक्यावर ओझी घेतलेली माणसे याच वाटांनी वरखाली करीत होती. काही माणसे मात्र फक्त वर आली, पुन्हा खाली उतरली नाहीत. सिद्दींच्या पूर्वजांपैकी अनेकांची कथा तेथूनच सुरू होते.

गोव्यातल्या गुलामांच्या व्यापाराचे वर्णन युरोपातील प्रवाशांनीच करून ठेवलेले आहे. लिन्शोटेन हा डच गृहस्थ १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता. रुआ दिरैता या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरे. घोडे, मसाले, कापड यांच्या रांगेतच माणसेही उभी केली जात आणि त्यांत मोझांबिककडून आणलेले काळे स्त्रीपुरुष असत. विसाव्या शतकात मानववंशशास्त्राला आणि एकविसाव्या शतकात जनुकशास्त्राला या गोष्टीचा दुसऱ्या बाजूने पडताळा मिळाला. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सिद्दींच्या रक्तातला मोठा वाटा आफ्रिकेतल्या बांटू लोकांशी जुळणारा आढळला आणि उरलेला वाटा भारतीय, व काही प्रमाणात युरोपीय निघाला. म्हणजे जंजिऱ्याच्या हबशांची वाट निराळी आणि या माणसांची निराळी. एक वाट हबसाणातून दरबारापर्यंत गेली, दुसरी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून धन्याच्या मागीलदारी येऊन थांबली. नाव मात्र दोघांना एकच पडले. अरबी भाषेत ‘सय्यिदी’ म्हणजे ‘माझे स्वामी’. जे कधी कोणाचेच स्वामी नव्हते, त्यांच्याही कपाळी हा शब्द आला, ही भाषेची एक विचित्र थट्टाच म्हणावयाची. कोकणीत त्यांना खाप्री म्हणतात, आणि तो शब्द सन्मानाने उच्चारला गेल्याचे फारसे कोणी ऐकलेले नसेल.

या व्यवहारात धर्मसंस्थेचे हात स्वच्छ राहिले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. गुलामास बाप्तिस्मा देत, त्याला बास्त्यांव, आंतोन, जुजे अशी संतांची नावे देत, आणि बाप्तिस्मा झाल्यावरही तो गुलामच राही. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने गुलाम कोणत्या परिस्थितीत न्याय्य मानावा याची चर्चा केली. अन्यायी मार्गाने धरलेल्यांना सोडावे अशी तिची भूमिका होती, पण मुळात माणूस विकत घेता येतो हे गृहीतक तिने मोडले नाही. पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा स्पष्ट धिक्कार केला तो १८३९ साली, आणि तोवर गोव्याच्या बाजाराला जवळजवळ तीनशे वर्षे होऊन गेली होती. हे कटू आहे. परंतु ज्या घरात आपण राहतो त्याच्या पायातला दगड कसा आला हे त्या घरातल्या माणसांनीच सांगितलेले बरे, शेजाऱ्याने सांगण्याची वाट पाहू नये.

कायदे झाले, पण हळूहळू झाले. पोर्तुगालने १८३६ साली गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. इकडे इंग्रजी मुलखात १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामगिरीला न्यायालयाचा आधार उरला नाही. १८६९ साली पोर्तुगीज वसाहतींतले गुलाम ‘लिबर्तु’ म्हणजे मुक्त झालेले ठरले. परंतु ती मुक्ती मोठी चमत्कारिक होती, कारण १८७८ पर्यंत त्यांनी पूर्वीच्याच धन्याकडे काम करावे अशी त्यात तरतूद होती. या सर्व काळात सीमेच्या एका बाजूचा कायदा आणि दुसऱ्या बाजूचा कायदा यांत जे अंतर पडे, त्या अंतरात घाटातले अरण्य होते. जो पळू शकला त्याने घाट चढावा आणि सुप्याच्या रानात नाहीसे व्हावे. काही जण पळाले, काहींना सोडून दिले गेले, काही घाटावरच्या धन्यांना विकले गेले आणि तेथेच राहिले. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या कानडा गॅझेटिअरने या लोकांची नोंद घेतली, तेव्हा ते रानात झोपड्या बांधून स्थिरावलेले होते.

या ठिकाणी १८७३ या एका सालाकडे लक्ष वेधावेसे वाटते. त्या वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी निग्रो गुलामांना मुक्त केले त्यांना अर्पण केले. सातासमुद्रापलीकडच्या काळ्या माणसाची बेडी आणि आपल्या गावच्या शूद्रातिशूद्राची बेडी एकाच लोखंडाची आहे, हे त्या काळी इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणास दिसले होते? त्याच वर्षी १ मे रोजी आफ्रिकेच्या अंतर्भागात डॉ. लिव्हिंग्स्टन वारले आणि त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत जेकब वेनराइट नावाचा तरुण होता. हा वेनराइट नाशिकचा विद्यार्थी होता. गुलामांच्या जहाजांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी नाशिकजवळ शरणपूर येथे मिशनने आश्रम चालवला होता, तेथे तो शिकला. १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंग्स्टनची शवपेटी नेणाऱ्यांत तोही होता. म्हणजे पुण्यात अर्पणपत्रिका छापली जात होती, नाशिकला शिकलेला आफ्रिकी मुलगा इतिहासात नाव नोंदवत होता, आणि पुण्यापासून काही दिवसांच्या वाटेवर असलेल्या गोव्यात ‘लिबर्तु’ अजून आपल्या धन्याची चाकरी करून मुक्तीची तारीख मोजत होता. त्यांची संख्या तोवर लहान झाली होती हे खरे, पण मोजणाऱ्याला संख्येचे काय! १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतील निग्रो पुढारी डू बॉय यांना पत्र लिहिले तेव्हाही त्यांच्या नजरेपुढे हाच धागा होता. मराठी विचाराने आफ्रिकी माणसाकडे पाहिले, पण ते अमेरिकेच्या वाटेने पाहिले. सुप्याची वाट जवळची होती, आणि कदाचित जवळची म्हणूनच दिसली नाही.

सुप्याच्या रानातला सिद्दी केवळ लपून बसलेला होता, असेही समजू नये. १८५७ च्या उठावाची धग दक्षिणेकडे सरकली तेव्हा १८५८-५९ मध्ये सुपे भागात बंड झाले. सावंतवाडीकडून आलेले बंडवाले, स्थानिक फडणीस बंधू आणि सिद्दी हे त्यात एकत्र होते. घाटातल्या वाटा, पाण्याचे झरे, पावसाळ्यात माणूस कोठे तग धरू शकतो याचे ज्ञान सिद्दींइतके कोणास होते? इंग्रजांच्या पलटणींना या रानात महिन्यामागून महिने हेलपाटे घालावे लागले ते त्यामुळेच. बंडाच्या पुढाऱ्यांत सिद्दी बास्त्यांव याचे नाव येते. सरकारने त्याला धरण्यासाठी बक्षीस लावले होते आणि १८५९ साली तो मारला गेला. बास्त्यांव म्हणजे सेबास्तियन, बाणांनी विद्ध झालेल्या हुतात्म्याचे नाव. गुलामाला धन्याच्या धर्माने दिलेले नाव, मराठी बोलणाऱ्या फडणीसांची सोबत, आणि कन्नड मुलखात इंग्रजांशी लढून आलेला मृत्यू. हा माणूस कोणत्या प्रांताच्या इतिहासात बसवावा, असा प्रश्न पडल्यामुळेच की काय, तो कोणत्याच प्रांताच्या पाठ्यपुस्तकात ठळकपणे आला नाही. सीमाप्रश्नात दोन्ही बाजूंनी गावोगावची भाषा मोजली. सिद्दी घरात कोकणीच्या वळणाची बोली बोलतो, हल्याळच्या बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड. त्याला कोणत्या रकान्यात घालावे हे मोजणाऱ्यांना नक्कीच अवघड गेले असेल.

धर्माच्या बाबतीतही तो एका रकान्यात मावत नाही. यल्लापूर, अंकोल्याकडचे सिद्दी बहुतांशी हिंदू, हल्याळकडे ख्रिस्ती आणि मुसलमान. ज्याच्या बागेत वा शेतात पिढ्यानुपिढ्या राबले त्याच्या धर्माची छाया त्यांच्यावर पडली, असा याचा साधा अर्थ लावता येतो. तरीसुद्धा दमाम वाजू लागला की ही सगळी माणसे एका तालावर येतात, आणि बायका फुगडी घालतात. शब्द आपला, खेळही आपला, पण त्यातले पदन्यास आणि त्यातला ठेका यांत समुद्रापलीकडचे काही उरले आहे असे जाणकार सांगतात. त्यांच्या बायका जुन्या लुगड्यांचे आणि सदऱ्यांचे तुकडे जोडून कवंदी नावाची गोधडी शिवतात. तिच्या चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंध्यांची ‘फुले’ लावल्याखेरीज गोधडी पुरी झाली असे त्या मानत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर गुलाम हा शब्द गेला, पण कर्ज हा शब्द राहिला. लग्नासाठी किंवा आजारासाठी उचललेले पैसे फेडण्याकरिता बापाने राबावे आणि बापानंतर मुलाने राबावे, हे देशभर चालत होते. सिद्दीलाही ते चुकले नाही. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी नष्ट झाली. त्यापूर्वी १९७४ च्या सुधारणेने कर्नाटकात कसेल त्याची जमीन हे तत्त्व आले. परंतु कुळाचे नाव कागदावर असेल तर जमीन मिळते, आणि जो मुळात कूळही नव्हता, नुसता धन्याच्या आवारातला माणूस होता, त्याचे नाव कोणत्या कागदावर सापडणार? शिवाय त्याची झोपडी राखीव जंगलात. वनखात्याच्या दृष्टीने तो अतिक्रमण करणारा, जमीनदाराच्या दृष्टीने मजूर, आणि गावाच्या दृष्टीने कुरळ्या केसांचा कोणीतरी परका. शाळेत नव्याने आलेल्या सिद्दी मुलाच्या केसांना हात लावून पाहणारे हात आणि त्याला पहिल्याच दिवशी मिळणारे टोपणनाव, यांबद्दल फारसे लिहिले जात नाही. मुलांचा खेळ म्हणून ते सोडून दिले जाते. पण मूल शाळा सोडते ते एका मोठ्या अन्यायामुळे क्वचितच. रोजच्या अशा लहान गोष्टींनीच ते वर्गाच्या मागल्या बाकावर आणि तेथून दाराबाहेर जाते.

सरकारने त्यांच्याकडे प्रथम मोठ्या प्रेमाने पाहिले ते १९८७ साली, आणि तेही त्यांच्या पायांकडे. आफ्रिकी रक्त आहे तेव्हा ही मुले धावणार, असा हिशेब करून भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलामुलींना वेचून शिक्षणकेंद्रांत नेले. त्यांच्यातून कमला सिद्दीसारखी हेप्टॅथलॉनपटू निपजली, काहींना खेळाच्या जोरावर नोकऱ्याही लागल्या. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. तथापि १९९३ च्या सुमारास ती योजना गुंडाळली गेली आणि अर्ध्यावर आलेली मुले पुन्हा रानात परतली. येथे थोडा विचार केला पाहिजे. ज्या कातडीमुळे धनी त्यांना राबवत होता, त्याच कातडीमुळे सरकार त्यांना पळवू लागले. या मुलांत एखादा गणिती असेल, एखादी वैद्य होईल, असा हिशेब त्या योजनेत कोठेच नव्हता. कौतुक करणारी नजरसुद्धा माणसाला अर्धाच पाहू शकते.

खरा पालट घडला तो एका यादीमुळे. जानेवारी २००३ मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींचा समावेश अनुसूचित जमातींत झाला. २०२० साली हाच लाभ बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना मिळाला, आणि त्याच वर्षी यल्लापूर भागातले शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधानपरिषदेवर नेमले गेले. त्या समाजातला माणूस विधिमंडळात बसण्याची ती पहिलीच वेळ. तरीही बंगळुरात किंवा गोव्यात गेलेल्या सिद्दी तरुणाला तू कोणत्या देशाचा, असे आजही विचारले जाते. २०१३ साली गोव्यात नायजेरियन लोकांविरुद्ध वातावरण पेटले तेव्हा तेथल्या एका मंत्र्याने त्यांना कर्करोगाची उपमा दिली होती. त्या दिवसांत मडगावच्या किंवा म्हापशाच्या बाजारात उभ्या असलेल्या हल्याळच्या सिद्दी मजुराने आपले गाव कसे सिद्ध करायचे?

२००३ साली, सिद्दींना मान्यता मिळाली त्याच वेळी, गोव्यातल्या कुणबी, गावडा आणि वेळीप या समाजांचाही अनुसूचित जमातींत समावेश झाला. जोयड्याच्या रानात सिद्दीच्या जोडीने कुणबी राहतात. घाटाखालच्या कुणब्यांशी त्यांचे बोलणे, चालीरीती आणि नातेगोते मिळतेजुळते आहे. कंदमुळांच्या लागवडीसाठी ते प्रसिद्ध आहेत आणि जोयड्याला त्या कंदांचा मेळाही भरतो. पण राज्याची सीमा मध्ये आल्यामुळे त्या यादीत घाटाखालचा कुणबी आला आणि घाटावरचा राहून गेला. येथे एखाद्याला वाटेल की ज्यांचा रंग निराळा त्यांना मिळाले आणि ज्यांचा आपल्यासारखा त्यांना नाही, तेव्हा दोघांत वितुष्ट येणार. तसे वाटणे स्वाभाविक असले तरी फार उथळ आहे. दोघांचेही घर एकाच अरण्यात आहे आणि त्या अरण्यावरचे निर्बंधही एकच आहेत. २००७ साली दांडेली अभयारण्य आणि अणशीचे राष्ट्रीय उद्यान मिळून व्याघ्रप्रकल्प झाला, २०१५ साली त्याला काळी नदीचे नाव मिळाले, आणि त्या रेषेच्या आत दोघांचीही शेते आली.

वनहक्क कायदा २००६ चा. या कायद्याने अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वी आपण त्या जमिनीवर होतो एवढे दाखवावे लागते. इतर वननिवासींना मात्र तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. जंगलात राहणाऱ्या माणसाकडे ७५ वर्षांपूर्वीचा कागद कोठून असणार? तथापि कायद्याच्या नियमांत पुराव्याची जी यादी दिली आहे, तिच्यात सरकारी दप्तरांच्या बरोबरीने आणखी एक पुरावा मान्य केला आहे. दावा करणाऱ्याखेरीज इतर वडीलधाऱ्या माणसांचे निवेदन लिहून घेतले तर तोही पुरावा समजावा, असे त्यात म्हटले आहे. त्या निवेदनासाठी साक्षीदार कोणत्या जातीचा, कोणत्या वर्णाचा असावा याची अट नाही. ज्या वाडीत एका बाजूस कुणब्यांची आणि दुसऱ्या बाजूस सिद्दींची घरे आहेत, तेथे कुणब्याच्या आज्याने कोणता माळ फोडला हे शेजारच्या सिद्दी म्हाताऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार! ग्रामसभेपुढे उभे राहून तो ते सांगू शकतो, आणि त्याचे बोलणे लिहून घेणे ग्रामसभेला भाग आहे.